पटावरील पदवीधर : एका चित्राच्या मोलाविषयी

जातकट्ठकथेतील पाचवे जातक 'तण्डुलनाळि' या नावाने प्रसिद्ध आहे. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याच्या पदरी बोधिसत्त्व 'अग्घकारक', म्हणजे मोल ठरविणारा अधिकारी होता. हत्ती, घोडे, रत्ने, सुवर्ण यांची योग्य किंमत सांगून तो विक्रेत्याला तेवढी रक्कम देववीत असे. राजा लोभी होता. असा मनुष्य आपला खजिना रिता करील या भीतीने त्याने बोधिसत्त्वाला दूर केले आणि राजवाड्याच्या खिडकीतून दृष्टीस पडलेल्या एका अडाणी माणसाला त्या जागी नेमले. पुढे उत्तरापथातून एक व्यापारी पाचशे घोडे घेऊन आला, तेव्हा या नव्या अधिकाऱ्याने त्या सर्व घोड्यांचे मोल एक नाळीभर तांदूळ असे ठरविले. व्यापाऱ्याने बोधिसत्त्वाचा सल्ला घेतला, मूल्यमापकाला लाच दिली आणि भर दरबारात त्याला विचारले, की या नाळीभर तांदळाचे मोल तरी किती? उत्तर आले : आतबाहेरच्या भागांसह अवघी वाराणसी.

ही कथा धानाच्या प्रदेशात सांगितली की श्रोते मनापासून हसतात. नाळीभर तांदळाला काय येते हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. गेल्या हिवाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी मी ती सांगितली, तेव्हाही मंडळी हसली. परंतु प्रवचन संपल्यावर एक निवृत्त शिक्षक मला आपल्या घरी घेऊन गेले आणि भिंतीवरच्या एका मोठ्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, आता तुम्हीच आमचे अग्घकारक व्हा. याचं मोल किती म्हणावं?"

चित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते. अंगावर पदवीदानाचा झगा, मस्तकी चौकोनी टोपी. पट कॅनव्हासचा, उंची सुमारे अडीच फूट, चौकट जड व सोनेरी. घरातील समजूत अशी, की १९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तेव्हा गुरुजींच्या वडिलांना हे तैलचित्र मिळाले. घरातील तीन भावंडांत वाटणी चालली होती. शेती आणि घर यांची वाटणी झाली. चित्र अडून राहिले. धाकट्या बंधूंना कोणी सांगितले होते, की मूळ तैलचित्र असेल तर त्याला लाखांत किंमत येईल, तेव्हा ते विकून रक्कम सारखी वाटावी. त्यांच्या भगिनींना विकणे मान्य नव्हते. गुरुजी मध्ये सापडले होते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे एक चित्र आहे खरे. परंतु विदर्भातील हजारो बौद्ध घरांत अशी चित्रे आहेत, आणि त्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. म्हणून जे केले ते तपशिलाने सांगतो.

प्रथम चित्रविषय. झगा घातलेल्या बाबासाहेबांची जी प्रतिमा सर्वत्र दिसते, ती बहुतांशी एका प्रसंगाकडे जाते : ५ जून १९५२, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. त्या दिवशी विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. त्याआधीच्या सप्टेंबरात त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. प्रकृतीही साथ देत नव्हती. झग्याखालचा माणूस त्या वेळी अशा स्थितीत होता, हे चित्र पाहताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट नोंदवावीशी वाटते. बाबासाहेबांनी प्रबंध लिहून ज्या दोन डॉक्टरेट मिळविल्या, त्या दोन्ही त्यांना पदरात पडल्या तेव्हा ते भारतात होते. लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी फेरमांडणी सुचविली. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस परतले आणि सुधारलेला प्रबंध येथून पाठविल्यावर त्याच वर्षाअखेर तो मान्य झाला. कोलंबियाच्या पीएच.डी.चे अध्ययन १९१६ मध्येच संपले होते. पण प्रबंध ग्रंथरूपाने १९२५ साली प्रसिद्ध झाल्यानंतर १९२७ मध्ये ती पदवी रीतसर प्रदान झाली. १९२७ म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचे वर्ष. तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कच्या सभागृहात झगा घालून बसलेले नव्हते. कष्टाने मिळविलेल्या या दोन पदव्यांच्या जागी आपल्या भिंतींवर सन्मानाने मिळालेल्या पदवीचे चित्र आले, ते केवळ त्या प्रसंगी ते समक्ष हजर होते आणि तेथे छायाचित्रकार होता म्हणून. इतिहासाची साधने अशा योगायोगांनी बनतात.

यामुळेच या चित्राखालचा मजकूर बारकाईने वाचावा लागतो. पुष्कळ प्रतींखाली 'कोलंबिया १९१६' किंवा 'लंडन १९२३' असे छापलेले आढळते. चेहराच त्याला साक्ष देत नाही. पंचविशीतला विद्यार्थी आणि एकसष्ट वर्षांचा घटनाकार यांत फरक करण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. दुसऱ्या काही प्रतींखाली पदव्यांची पूर्ण माळ असते व तीत डी.लिट. हीही असते. ती पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी दिली. म्हणजे ज्या प्रतीवर डी.लिट. आहे, तिचा मजकूर निदान सात महिने चित्रानंतरचा ठरतो. गुरुजींच्या घरच्या प्रतीवर डी.लिट. होते. तेवढ्याने १९५४ ची समजूत खोटी पडत नाही, किंबहुना तिला थोडी जागाच मिळते. म्हणून मी पटाकडे वळलो.

हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्याला एक सवय असते. समोरच्या पोथीत काय लिहिले आहे हे वाचण्याआधी तो ताडपत्र पाहतो, दोरीची भोके पाहतो, शाई पाहतो. चित्राचेही तसेच आहे. भिंतीवरून ते उतरवून उलटे ठेवले, तेव्हा पाठीमागचे कापड स्वच्छ पांढरे, समान विणीचे निघाले. सत्तर वर्षे कौलारू घराच्या भिंतीला, चुलीच्या धुरात व पावसाळी ओलीत राहिलेले कापड असे राहत नाही. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून मागे यंत्राने मारलेल्या पिना होत्या. कडा दुमडलेल्या होत्या, आणि त्या दुमडीवर झग्याचा रंग आरशात उलटा दिसावा तसा पुढे चालू ठेवलेला होता. हाताने रंगविणारा चित्रकार हा उद्योग करीत नाही. संगणकावर चित्राची मापे जुळविणारा करतो.

पुढची बाजू भिंगाखाली पाहिली. तैलरंग कापडाच्या धाग्यांच्या उंचवट्यांवर साचतो, खोलगट जागी विरतो, आणि कुंचल्याचा फटकारा आकाराच्या दिशेने जातो : गालावर गोल, बाहीवर उभा. येथे रंगाचे अतिसूक्ष्म ठिपके सर्वत्र सारखे शिंपडलेले होते. कॅलेंडरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची ठरावीक फुलासारखी रचना दिसते, तीही नव्हती. वर पारदर्शक लेप होता व त्यात कुंचल्याच्या रेषा होत्या. पण त्या रेषा चेहऱ्यावरून, झग्यावरून आणि पार्श्वभूमीवरून एकाच दिशेने सरळ गेल्या होत्या. लेप चित्र झाल्यावर दिलेला आहे, याचा हा पुरावा. शेवटी गावातल्या दुकानदाराकडून नोटा तपासण्याचा जांभळा दिवा आणला. त्या प्रकाशात कापडाचा पांढरा थर निळसर चमकला. आधुनिक शुभ्रकारी द्रव्याचे हे लक्षण. (कापसाच्या बोळ्याने रंग पुसून पाहण्याचा एक उपाय लोक सांगतात. तो कोणी करू नये. शाई पाण्याची असेल तर परीक्षा होते आणि चित्र जाते.)

निष्कर्ष सरळ होता. हे इंकजेट यंत्रावर कॅनव्हासवर छापलेले चित्र आहे. कलाचित्रांच्या प्रती अशा रीतीने छापण्याची पद्धत अमेरिकेत १९९० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत रूढ झाली. आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी ती यंत्रे त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. १९५४ शी या पटाचा संबंध असणे शक्य नाही. बाजारातले त्याचे मोल म्हणजे तेवढ्या मापाच्या छापील कॅनव्हासचा आणि चौकटीचा खर्च. त्यातही चौकट महाग असण्याचा संभव अधिक.

धाकटे बंधू निराश झाले, आणि मला त्यांचा राग आला नाही. छापील चित्राला तैलचित्र समजण्याची चूक आजची नाही. किंबहुना अशी चूक व्हावी म्हणूनच एक छपाईपद्धत शोधली गेली होती. शिळाछापाने अनेक रंगांत छापायचे, कागदावर कॅनव्हासची वीण उठवायची, वरून वार्निश द्यायचे आणि तैलचित्राचा भास निर्माण करायचा. तिला ओलिओग्राफ म्हणत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, तेथून अशी देवदेवतांची चित्रे देशभर पसरली. मळवलीच्या स्थानकावर उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते, की भारतातील घराघरांच्या भिंती ज्याने भरल्या तो छापखाना याच परिसरात होता. बाबासाहेबांचे चित्र घराघरांत पोहोचले तेही छापाच्याच मार्गाने. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या शेजारी चित्रांची दुकाने लागतात. तेथून गुंडाळी करून, रेल्वेच्या गर्दीत डोक्यावर धरून आणलेले चित्र हीच बहुतेक घरांतील पहिली प्रतिमा असते. हाताने रंगविलेली तैलचित्रे संस्थांत आहेत; संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील झेबा अमरोहवी यांनी रंगविलेले चित्र १२ एप्रिल १९९० रोजी तेथे लागले. घरे छापील प्रतींवरच चालली.

मग छापील प्रतीला मोल नाही काय? भगिनींनी हा प्रश्न विचारला, आणि तो पाली अभ्यासकाच्या अंगणातला होता.

कालिङ्गबोधि जातकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग आहे. तथागत जेतवनातून चारिकेला गेले की लोक फुले घेऊन येत आणि गंधकुटीच्या दाराशी ठेवून परत जात. अनाथपिण्डिकाने आनंदाला सांगितले, की भगवंत नसताना पूजेसाठी काही स्थान असावे. आनंदाने विचारले, चैत्य किती प्रकारचे? भगवंतांनी तीन सांगितले : शारीरिक, म्हणजे धातू, पारिभोगिक, म्हणजे उपयोगात आलेल्या वस्तू, आणि उद्देशिक, म्हणजे त्यांना उद्देशून केलेले. यांतील तिसऱ्याला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून आहे, असा अभिप्राय तेथे दिलेला आहे. शेवटी बोधिवृक्षाचे बीज आणून लावले गेले आणि तो आनंदबोधी झाला.

हे वर्गीकरण मोल ठरविण्याच्या कामी किती उपयोगी पडते पाहा. बाबासाहेबांनी वापरलेले कपडे, टंकलेखन यंत्र इत्यादी वस्तू नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात जपल्या आहेत. धम्मदीक्षा सोहळ्याचे संयोजन करणारे वामनराव गोडबोले यांनी त्यासाठी खटपट केली. या पारिभोगिक वस्तू होत. त्यांची दुसरी प्रत होऊ शकत नाही. लंडनमधील १० किंग हेन्रीज रोड हे ज्या घरात ते विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. विटा व लाकूड यांच्या हिशेबाने ती किंमत कळणार नाही. ती परिभोगाची किंमत आहे. आता १९५२ सालचा झगा कोठे असेल तर तो पारिभोगिक. त्याच्या छायाचित्राची मूळ काच अथवा फिल्म ही त्या क्षणाची साक्षीदार. आणि तिच्यापासून पिढ्यान्पिढ्या उतरत आलेले आपल्या भिंतीवरचे चित्र उद्देशिक. धाकट्या बंधूंनी उद्देशिकाला पारिभोगिकाचे मोल लावले होते. कॅनव्हासवरचा छाप म्हणून ते टाकाऊ समजणारा मनुष्य पाचशे घोड्यांना नाळीभर तांदूळ देतो. जातकातल्या त्या एकाच अडाण्याने दोन्ही चुका केल्या होत्या, हे विसरू नये.

पण 'केवळ मनावर अवलंबून' एवढ्यावर थांबणे मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुरत नाही. मनाला तरी आधार काय? येथे संस्कृत बौद्ध वाङ्मयातील रुद्रायणाची कथा आठवते. दिव्यावदानात ती सदतिसावी आहे, आणि पटावरील चित्र व त्याचे मोल हाच तिचा विषय आहे.

रोरुकचा राजा रुद्रायण आणि राजगृहाचा बिंबिसार यांची व्यापाऱ्यांकरवी मैत्री झाली. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. भेटी जाऊ-येऊ लागल्या. एकदा रुद्रायणाने रत्नजडित चिलखत पाठविले. बिंबिसाराने रत्नपारख्यांना बोलाविले. त्यांनी सांगितले, की एकेक रत्न अमूल्य आहे, आणि ज्याचे मोल ठरत नाही त्याला कोटी मोल धरण्याची रीत आहे. राजा चिंतेत पडला. याची परतफेड कशाने करावी? तथागतांनी सुचविले, की पटावर बुद्धप्रतिमा चितारून पाठवावी. चित्रकार बसले, परंतु त्यांना रूप पकडता येईना, पाहतच राहिले. तेव्हा तथागतांनी आपली छाया पटावर पडू दिली आणि चित्रकारांनी तिच्यात रंग भरले. (ही तर छायाचित्राचीच कल्पना म्हणावयाची.) त्या आकृतीखाली त्रिशरण, शिक्षापदे आणि प्रतीत्यसमुत्पाद लिहविला. हा पट विस्तीर्ण जागी, मोठ्या सत्काराने उलगडावा असा निरोप गेला. रुद्रायणाला प्रथम रागच आला, की अशी कोणती मोठी भेट ही! पट उघडल्यावर मध्यदेशातून आलेल्या व्यापाऱ्यांनी बुद्धाला नमस्कार केला. मग राजाने विचारले, हे काय, आणि खाली लिहिले आहे ते काय? त्या लिहिलेल्यावर त्याने रात्री चिंतन केले आणि पहाटे तो स्रोतापन्न झाला.

या कथेचा उल्लेख बुद्धमूर्तीच्या उत्पत्तीच्या चर्चेत नेहमी होतो. माझे लक्ष वेधते ते दुसरीकडे. चिलखताचे मोल पारख्यांनी केले. पटाचे मोल त्याखालच्या अक्षरांनी झाले. प्रतिमेने राजाला प्रश्न विचारावयास लावले एवढेच. उत्तर मजकुरात होते.

तिबेटी परंपरा आपल्या पटचित्रांचे, थंग्कांचे, मूळ याच राजाच्या कथेशी जोडते. तेथे छायेच्या जागी पाण्यातील प्रतिबिंब येते. हे सांगण्यासाठी मला दूर जावे लागले नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच, गोठणगाव परिसरात, नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. नवेगावबांधच्या जलाशयाकडे सहलीला जाणारी मंडळी तेथील गोंपा पाहून येतात. गुरुजीही अनेकदा गेले होते. थंग्का पूर्ण झाला की पटाच्या पाठीमागे, पुढच्या आकृतीच्या मस्तक, कंठ व हृदय यांच्या नेमक्या जागी तीन अक्षरे लिहितात आणि मग तो पूजेस योग्य होतो, हे मी सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले. शेजारी राहूनही आपण एकमेकांच्या पटांची पाठ कधी पाहिली नाही, असे ते म्हणाले.

आपल्या चित्रांची पाठ कोरी असते. हाच खरा तोटा आहे.

मी गुरुजींना विचारले, की १९५४ ची आठवण आली तरी कोठून? थोडा वेळ तिघेही एकमेकांचे बोलणे खोडीत राहिले. त्या काळी हा भाग भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला, तरी त्या दिवसांच्या आठवणी घरोघर सांगितल्या जात. वडिलांनी त्या सुमारास एक छायाचित्र आणले होते. ते पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे, कागदी, कृष्णधवल होते. कोणी दिले की विकत घेतले हे आता कोणालाच सांगता येत नाही. पुढे ते वाळवीने खाल्ले. उरलेला भाग गुरुजींच्या पुतण्याने शहरातील एका स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने तो फाटका तुकडा बाजूला ठेवला, आपल्या संगणकातील तयार चित्र काढले आणि कॅनव्हासवर छापून दिले. तुकडा परत मिळाला नाही. घरच्या आठवणीने मात्र जुन्या कागदाची जन्मकथा नव्या पटाला चिकटवली. कोणी खोटे बोलले नव्हते.

मूळ छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे रंगीत प्रतींतील प्रत्येक रंग हा कोणाचा तरी निर्णय आहे. गुरुजींच्या पटावर झगा गडद लाल होता. मी इतरत्र तो निळा व काळाही पाहिला आहे. अमेरिकी विद्यापीठांनी १८९५ पासून जो संकेत पाळला, त्यात कायद्याच्या पदवीची खूण जांभळी आहे. पोथीच्या संपादनात आपण सिंहली, ब्रह्मी, स्यामी पाठ समोरासमोर ठेवतो. समान चुका दिसल्या की त्या प्रती एका कुळातल्या, हे कळते. झग्याच्या रंगाने, टोपीच्या गोंड्याने, कापलेल्या पार्श्वभूमीने या चित्रांचीही कुळे लावता येतील. हे काम कोणी तरुण अभ्यासकाने हाती घ्यावे. एक पाठभेद मात्र मला केवळ शास्त्रीय कुतूहलाने पाहता येत नाही : या पटावर बाबासाहेबांचा वर्ण गुलाबी गोरा केला होता. संगणकावर चेहरा 'उजळ' करण्याची ही खोड इतकी अंगवळणी पडली आहे, की ती करणाऱ्याला आपण काही बदलले असे वाटतही नाही. जातीच्या शास्त्रावर आयुष्यभर घाव घालणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावरच वर्णाची दुरुस्ती व्हावी, हे त्यांच्याच अनुयायांच्या घरात चालावे, याचे मला वाईट वाटले आणि तसे मी बोलून दाखविले. खोली थोडा वेळ शांत झाली.

त्यानंतर भगिनी उठल्या आणि आतल्या खोलीतून दुसरे चित्र घेऊन आल्या. तेही कॅनव्हासवर छापलेले, पण हातभर उंचीचे. झगा घातलेली एक तरुणी, हाती गुंडाळलेला कागद, मागे रंगविलेला पडदा. या तिघांच्या थोरल्या भगिनी. त्या गावातील पहिल्या पदवीधर स्त्री, पुढे शिक्षिका, आता हयात नाहीत. मूळ छायाचित्र याही खेपेला वाळवीने गेले होते. परंतु या वेळी स्टुडिओने तयार चित्र देण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने फाटक्या कागदाचीच संगणकीय प्रत काढून, भोके भरून, छाप दिला होता.

वाटणीच्या यादीत हे चित्र नव्हते. त्याला किंमत असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतींची हकीकत येथे सांगावीशी वाटते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षे तेथे राहून कॅनव्हासवर तैलरंगात प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमध्येच आगीत गेल्या. ज्या वाचल्या, त्यांचे महत्त्व दिवसेंदिवस वाढले, कारण मूळ भिंतीवरचा रंग त्यानंतर झडला. प्रत तीच राहिली. मूळ हरवले आणि प्रत साक्षीदार झाली. थोरल्या भगिनींचा तो छापील पट आज नेमका या स्थितीत आहे. बाबासाहेबांच्या चित्राच्या लक्षावधी प्रती निघतील. हिची दुसरी प्रत जगात नाही.

तरी साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. झगा घातला म्हणजे पदवीदानाला हजर होत्या, असे म्हणता येत नाही. त्या काळी शहरांतील स्टुडिओ झगे व टोप्या ठेवीत आणि समारंभाला जाऊ न शकलेले पदवीधर ते भाड्याने घालून चित्र काढवून घेत. हातातला कागद पदवीपत्रच असेल असेही नाही. मागचा पडदा स्टुडिओचा आहे एवढे खरे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. या भागातील मुलांना पदवीपर्यंत जायचे म्हणजे गोंदिया, भंडारा किंवा नागपूर गाठावे लागे, आणि गोंदिया-चंद्रपूर मार्गावरची तेव्हाची अरुंदमापी गाडी हाच आधार. मुलीला त्या गाडीत बसवून पाठविणारे घर कसे होते, हे त्या चित्रात दिसत नाही. ते तिघांच्या तोंडी होते. मी वही काढली.

संध्याकाळपर्यंत लिहिणे चालले. शुल्क कोठून आले (धानाचे एक बांधीचे शेत गहाण पडले होते), ती कोणत्या वसतिगृहात राहिली, स्टुडिओ इतवारीतला की सीताबर्डीतला, झगा स्वतःचा की भाड्याचा. भगिनी म्हणाल्या, "ताईनं तो फोटो बाबासाहेबांच्या फोटोसारखाच काढा म्हणून सांगितलं होतं. उभं राहायचं तसंच." दोन्ही पट शेजारी ठेवले तेव्हा ते दिसले. मान किंचित डावीकडे, दृष्टी समोर. म्हणजे वाळवीने खाल्लेले ते कागदी छायाचित्र घरात होते, त्या मुलीने ते रोज पाहिले होते, आणि त्याचा उरलेला एकमेव पुरावा तिच्या उभे राहण्यात होता.

स्टुडिओने तिचाही चेहरा उजळ केला होता. गुरुजींकडे संगणकीय प्रत होती; तिच्यात तो बदल नव्हता, वाळवीची भोकेही तशीच होती. मी सुचविले, की ती भोकांसह पुन्हा छापावी. धाकट्या बंधूंनी तीन प्रतींचा खर्च आपल्याकडे घेतला. बाबासाहेबांचे मोठे चित्र तिघांच्या संमतीने गावच्या विहाराला देण्याचे ठरले, मात्र त्याच्या मागे 'मूळ छायाचित्र ५ जून १९५२, न्यूयॉर्क. हा छाप अलीकडचा' असे लिहून.

धाकट्या पटाच्या मागे काय लिहावे यावर मात्र अजून एकमत नाही. नाव, गाव, विषय, वसतिगृह, शेताचा उल्लेख हे सर्व ठरले. पदवीचे वर्ष गुरुजी १९७० सांगतात, भगिनी १९७१. पदवीपत्र सापडत नाही. विद्यापीठाच्या जुन्या नोंदी पाहण्यासाठी गुरुजी पावसाळ्यापूर्वी नागपूरला येणार आहेत. तोवर ती जागा कोरी ठेवली आहे.